दोन मुक्कामांची अदलाबदल

जॉन स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' ही कादंबरी वाचलेला माणूस जॉन फोर्डचा त्याच नावाचा सिनेमा पाहून उठतो, तेव्हा बहुतेक वेळा म्हणतो, "पुस्तकाला धरून आहे." मीही पहिल्यांदा तेच म्हणालो होतो. माणसं तीच, संवाद बरेचसे जसेच्या तसे, रस्ता तोच ६६ नंबरचा, गाडीही तीच, हडसन कापून केलेला खटारा ट्रक. पुढे कधीतरी पुस्तक दुसऱ्यांदा वाचायला घेतलं आणि बाविसाव्या प्रकरणाशी अडकलो. सरकारी छावणी इथे कशी आली? ती तर शेवटी येते ना?

शेवटी येते ती सिनेमात. पुस्तकात ओक्लाहोमातल्या जमिनीवरून हुसकलेलं जोड कुटुंब कामाच्या शोधात कॅलिफोर्नियात पोचल्यावर आधी हूवरव्हिलमध्ये, म्हणजे बेघर मजुरांच्या पालांच्या वस्तीत उतरतं. मग वीडपॅचच्या सरकारी छावणीत महिनाभर राहतं. तिथे काम मिळेना म्हणून हूपरच्या पीचच्या मळ्यावर जातं. तिथे खून होतो, पळावं लागतं, मग मालगाडीच्या टाकून दिलेल्या डब्यांत राहून कापूस वेचायचा, आणि शेवटी पूर. सिनेमात हूवरव्हिलनंतर पीचचा मळा येतो (त्याचं नाव कीन केलंय), खून तिथेच होतो, आणि तिथून निसटलेला ट्रक सरकारी छावणीच्या फाटकातून आत शिरतो. मालडबे नाहीत, पूर नाही. छावणीतून निघताना सिनेमा संपतो.

दोन मुक्काम खालीवर केले, एवढंच. हा शोध माझा नाही. जॉर्ज ब्लूस्टोननं १९५७ साली कादंबऱ्यांच्या माध्यमांतरावर लिहिताना ही अदलाबदल दाखवून दिली होती, आणि त्यामुळे उतरणीची गोष्ट चढणीची झाली हेही सांगितलं होतं. मला यात रस आहे तो थोडा वेगळा. वाक्यं न बदलता नुसता क्रम बदलला की त्याच वाक्यांचं काम कसं बदलतं, ते पाहण्यासाठी याहून स्वच्छ प्रकरण माझ्या माहितीत नाही.

सौदा

कादंबरी १४ एप्रिल १९३९ रोजी प्रसिद्ध झाली आणि त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपली. सिनेमा २४ जानेवारी १९४० रोजी न्यूयॉर्कमध्ये लागला. मधे नऊ महिने. आज एवढ्या वेळात पटकथेचा दुसरा खर्डा होत नाही. त्या लोकांनी तेवढ्यात हक्क घेतले, नन्नली जॉन्सननं पटकथा लिहिली, नट ठरले, ऑक्टोबर-नोव्हेंबरात चित्रीकरण झालं, कापाकापी होऊन सिनेमा तयारही झाला.

घाई होती कारण पुस्तक तापलेलं होतं. कॅलिफोर्नियातले बडे शेतमालक खवळले होते. ऑगस्ट १९३९ मध्ये कर्न काउंटीच्या कारभाऱ्यांनी ही कादंबरी तिथल्या वाचनालयांतून आणि शाळांतून हद्दपार केली. ती बंदी उठायला १९४१चा जानेवारी उजाडला. बेकर्सफील्डमध्ये प्रत जाळण्याचा कार्यक्रमही झाला. गंमत अशी की ज्या खऱ्या छावणीवरून वीडपॅच लिहिलं, ती याच कर्न काउंटीत आहे. कादंबरी ज्या दोघांना अर्पण केली आहे, त्यांतला एक टॉम म्हणजे त्या छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स. तोच पुढे सिनेमाचा तांत्रिक सल्लागार झाला.

ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्सचा डॅरिल झानक हा काही डावा माणूस नव्हता. धंदा कळणारा, आणि कोणत्या गोष्टीभोवती गर्दी जमते ते आधी ओळखणारा निर्माता. पुस्तकात अतिशयोक्ती आहे असा ओरडा झाला, तेव्हा त्यानं मजुरांच्या वस्त्या पाहायला खाजगी तपासनीस पाठवले. त्यांनी परत येऊन सांगितलं की पुस्तकात कमीच लिहिलंय. चित्रीकरणाच्या काळात सिनेमाला 'हायवे ६६' असं खोटं नाव दिलं होतं, म्हणजे कुणी आडवं येऊ नये. तुरुंगातून सुटून घरी आलेल्या टॉम जोडची, म्हणजे नायकाची, भूमिका हवी म्हणून हेन्री फोंडाला स्टुडिओशी सात वर्षांचा करार करावा लागला, आणि त्याबद्दल तो पुढे कायम कुरकुरत राहिला.

स्टाइनबेकनंही आपल्या बाजूनं बंदोबस्त केला होता. हक्क देताना करारात अट होती की कादंबरीतली मुख्य घटनामालिका आणि तिचा सामाजिक हेतू सिनेमात राखला जावा. लेखकाच्या बाजूनं पाहिलं तर ही चांगलीच अट. घटना राखायच्या आणि हेतू राखायचा. क्रमाबद्दल मात्र कलम नव्हतं, आणि कुणाला ते सुचलंही नसतं.

पटकथेपुढचे पेच

पहिला पेच शेवटाचा होता, आणि तो सोडवण्यासारखा नव्हताच. पुस्तकाच्या शेवटी टॉमच्या बहिणीचं, रोझ ऑफ शेरॉनचं, बाळ मेलेलं जन्मतं. पुरापासून वाचत कुटुंब एका कोठारात शिरतं. तिथे सहा दिवसांचा उपाशी माणूस मरायला टेकलेला असतो आणि ही मुलगी त्याला आपलं दूध पाजते. १९४०च्या हॉलिवूडमध्ये, जिथे नवरा-बायकोच्या पलंगांतही अंतर ठेवावं लागे, तिथे निर्मितीसंहिता, म्हणजे पडद्यावर काय चालेल याचे नियम, सांभाळणाऱ्या कचेरीतून हा प्रसंग सुटणं शक्य नव्हतं. म्हणजे तिसावं प्रकरण गेलं. ते गेलं की पूर कशासाठी? पूर गेला की मालडबे तरी कशासाठी? शेवटापासून मागे उसवत आलं की हातात उरतात दोनच मोठे मुक्काम, छावणी आणि मळा. पुस्तकाच्या क्रमानं जायचं तर सिनेमा मळ्यावरच्या खुनाशी, पळापळीशी संपवायचा.

म्हणून मला नुसतं 'स्टुडिओनं गोड केलं' असं म्हणणं पटत नाही. शेवट कापल्यावर अदलाबदलीकडे ढकलणारा उतार तयारच झाला होता.

दुसरा पेच रचनेचा, आणि इथे जॉन्सनचं काम बघण्यासारखं आहे. कादंबरीच्या ३० प्रकरणांपैकी १६ प्रकरणांत जोड कुटुंब नाहीच. तिथे ट्रॅक्टर आहेत, जुन्या गाड्या विकणारे ठग आहेत, बँक आहे, रस्ता आहे; बोलणाऱ्यांना नावं नाहीत. पडद्यावर हे आणायचं तर निवेदक हवा, नाहीतर टाकून तरी द्यायचं. जॉन्सननं तिसरीच वाट काढली. बिननावाच्या माणसांचं बोलणं त्यानं नाव असलेल्या माणसांना देऊन टाकलं.

पाचव्या प्रकरणातलं उदाहरण घेऊ. कुळाला जमिनीवरून हुसकायला माणूस येतो. कूळ विचारतं, जमीन कुणाची? सिनेमात हे सगळं जोडांचा शेजारी म्यूली याच्या आठवणीत घातलंय. मोटारीत बसलेला एजंट खाली उतरायचेही कष्ट घेत नाही. जमीन शॉनी कंपनीची. कंपनी म्हणजे कोण? कोणी नाही, कंपनी आहे. तिला अध्यक्ष असेल ना? त्याचा दोष नाही, त्याला बँक सांगते. बँक कुठेय? टल्साला. पण तिथल्या मॅनेजरला धरून उपयोग नाही, त्याच्याच डोक्यावर पूर्वेकडून येणाऱ्या हुकमांचा पहाड. मग म्यूलीचा मुलगा बंदूक धरून विचारतो, गोळी घालायची तरी कुणाला? एजंटलाही ते माहीत नाही. ज्या स्टुडिओनं हा प्रसंग पडद्यावर आणला, त्यात चेस नॅशनल बँकेचा मोठा वाटा होता, हे जाता जाता.

म्यूली ही हकीकत सांगतो ती ओसाड घरात, एका मेणबत्तीच्या उजेडात. छायालेखक ग्रेग टोलंडनं तिथे इतका काळोख ठेवलाय की माणसांचे नुसते गालफाड आणि डोळे दिसतात. पुस्तकातल्या सोळा प्रकरणांचा आवाज गेला, त्याची बरीचशी भरपाई टोलंडनं अंधार आणि उजेडातून केली, असं माझं मत आहे. हूवरव्हिलमध्ये ट्रक शिरतो तेव्हा कॅमेरा ट्रकच्या जागी असतो. समोरची माणसं बाजूला होतात आणि आपल्याकडे बघत राहतात. कुणी काही बोलत नाही. पोरंही नाही. त्या वर्षानुवर्षांच्या उपाशी नजरांत आपण चाकावर बसून घुसतोय, हे पाहणाऱ्याला फार अवघड जातं.

पंधराव्या प्रकरणातला पावाचा प्रसंगही असाच वळवलाय. पुस्तकात रस्त्यावरच्या खानावळीत एक बिननावाचा माणूस दहा सेंटांचा पाव मागतो. सिनेमात तो माणूस म्हणजे टॉमचा बाप पा जोड, आणि मागे उभी पोरं म्हणजे त्याची धाकटी रूथी आणि विनफील्ड. पोरांची नजर साखरेच्या कांड्यांवर. पा विचारतो, या पैशाला कशा? बाई म्हणते, पैशाला दोन. ती माणसं गेल्यावर तिथे बसलेला ट्रकवाला म्हणतो, त्या पाच-पाच सेंटांच्या होत्या. बाई खेकसते, तुला काय करायचंय? ट्रकवाले जाताना उरलेले सुटे पैसे तसेच टेबलावर सोडतात. दोन-तीन मिनिटांचा प्रसंग. इथे दया कुणी बोलून दाखवत नाही, हिशेबातून दाखवतात.

बाकी काटछाट पटकथेत व्हायचीच. वाटेत भेटणारं विल्सन जोडपं गेलं. मोठा भाऊ नोआ पुस्तकात कोलोरॅडो नदीच्या काठानं निघून जातो. सिनेमात तो नदीपर्यंत असतो आणि नंतर नसतो. कुणी विचारतही नाही. एवढ्या कसलेल्या लोकांच्या हातून राहिलेलं हे भोक मला दर वेळी दिसतं.

छावणी आधी, छावणी नंतर

आता मुद्द्यावर.

पुस्तकातली छावणी काय आहे ते आधी बघू. आठवड्याला एक डॉलर भाडं, तेही नसेल तर काम करून फेडायचं. न्हाणीघरं, गरम पाणी, संडास. रूथी आणि विनफील्ड पहिल्यांदा फ्लश ओढतात आणि मोडलं म्हणून घाबरतात. रहिवाशांची स्वतःची समिती, स्वतःचे राखणदार. पोलिसांना वॉरंटाशिवाय आत यायला बंदी. दंगल झाली तरच येता येतं. म्हणून बाहेरचे लोक शनिवारच्या नाचात दंगल घडवायचा डाव टाकतात आणि छावणीवाले हातसुद्धा न उगारता तो उधळतात. माणूस म्हणून जगण्यासाठी लागणारं सगळं तिथे आहे. काम तेवढं नाही.

महिनाभरात टॉमला पाच दिवस काम मिळतं. विनफील्डच्या तोंडावरचा रंग उडालाय. मा एका संध्याकाळी पुरुषांना जाब विचारते: चरबी एका दिवसाची, पीठ दोन दिवसांचं आणि बटाटे दहा. हे ऐकल्यावर बसून राहता येत नाही. म्हणजे गरम पाणी, समिती, नाच सगळं मागे टाकून ती माणसं पोटासाठी पीचच्या मळ्याकडे जातात, जिथे पेटीला पाच सेंट मिळतात कारण दुसऱ्यांचा संप मोडायला यांना आत घेतलंय. संपवाल्यांना अडीच देऊ केले होते. संप मोडला की यांनाही अडीचच. ऊसतोडीची उचल घेऊन फडावर गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

स्टाइनबेकचा युक्तिवाद या क्रमात आहे. चांगली छावणी असू शकते, माणसं स्वतःचा कारभार स्वतः करू शकतात, हे तो आधी सिद्ध करतो. मग दाखवतो की तेवढ्यानं भागत नाही, कारण मजुरीचा भाव फाटकाबाहेर ठरतो. छावणीनंतरचं प्रत्येक पाऊल खाली जातं: मळा, मग मालडबा, मग पुराच्या पाण्यात उभं कोठार. दुष्काळाच्या धुळीनं सुरू झालेली गोष्ट पाण्यात बुडून संपते.

सिनेमात याच वस्तू उलट्या क्रमानं येतात. कीनच्या मळ्यावर मोटरसायकलवाले पोलीस, जाळीचं कुंपण, नावं लिहून घेणारे कारकून. पहिल्या रात्री जेवताना कुणी अजून मागतो, तर मा सांगते की डॉलर कमावला आणि डॉलरचंच हे मटण आलं; मळ्याच्या दुकानात सगळं महाग. रात्री पुलाखाली, पाण्याच्या खळखळाटात, जोडांबरोबर आलेल्या आणि आता संपवाल्यांत असलेल्या केसी या माजी धर्मोपदेशकाचं डोकं फुटतं. टॉम मारणाऱ्याला मारतो आणि त्याचा स्वतःचा गाल फाटतो. दुसऱ्या दिवशी त्याला गाद्यांखाली लपवून ट्रक बाहेर काढतात.

आणि मग तो ट्रक कसाबसा ढकलत, उतारावरून घरंगळत छावणीच्या फाटकाशी येतो आणि धाडकन आदळतो. जमिनीला मुद्दाम उंचवटा केलाय. पांढऱ्या कपड्यांतला व्यवस्थापक शांतपणे म्हणतो, जरा जोरात आलात. इथे पोरं खेळतात; हळू चालवा सांगितलं की लोक विसरतात, एकदा आपटले की विसरत नाहीत. आज आपल्याकडे दर दोनशे पावलांवर असलेला हा साधा स्पीड ब्रेकर, पण त्या क्षणी तो पडद्यावर काय करतो बघा. दीड तास ज्या माणसांना प्रत्येक फाटकाशी थांबवणारा हातात बंदूक किंवा दांडकं घेऊन थांबवत होता, त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी पोरांसाठी थांबवतंय. हा उंचवटा पुस्तकातही आहे. पण तिथे तो मधल्या एका मुक्कामाचा तपशील. इथे तो प्रवासाचा शेवट आल्याची खूण झाला. टोलंडनंही मळ्यावरचा खून रात्रीत आणि छावणीतलं आगमन लख्ख दिवसात टिपलंय. उजेडसुद्धा नव्या क्रमाच्या बाजूनं बोलतो.

सिनेमात छावणीत भूक नाही. चरबी-पीठ-बटाट्यांचा तो हिशेब गाळलाय, गाळावाच लागला. शेवटचा मुक्काम उपाशी ठेवला तर अदलाबदल करून मिळवलं काय? नाचात टॉम आईला घेऊन नाचतो आणि 'रेड रिव्हर व्हॅली' गुणगुणतो. हे पुस्तकात नाही. सुंदर आहे, आणि फसवंही आहे.

एकच वाक्य, दोन कामं

टॉम आईचा निरोप घेतो तो प्रसंग अमेरिकन सिनेमातल्या सर्वांत गाजलेल्या प्रसंगांपैकी एक. जिथे भुकेले लोक खायला मिळावं म्हणून लढत असतील तिथे मी असेन, जिथे पोलीस कुणाला मारत असेल तिथे मी असेन, हे बोलणं बव्हंशी कादंबरीच्या अठ्ठाविसाव्या प्रकरणातलंच आहे. फोंडा ते जवळजवळ भावनाशून्य आवाजात बोलतो, डोळे कुठेतरी लांब. भाषण वाटू देत नाही.

पुस्तकात तो हे बोलतो तेव्हा झुडपांत, जनावरासारखा लपलेला आहे. रूथीनं पोरांच्या भांडणात आपल्या भावानं माणूस मारल्याची फुशारकी मारली, म्हणून त्याला जावं लागतंय. आणि बोलता बोलता त्याला सरकारी छावणी आठवते. आपली माणसं तिथे आपलं आपण कसं सांभाळत होती; तसं सगळीकडे का करता येऊ नये? छावणी तिथे हातातून गेलेली गोष्ट आहे, आणि गेली म्हणूनच तो विचार करू लागलाय. सिनेमात तो छावणीच्या रिकाम्या नाचाच्या फळीजवळ बसून बोलतो. त्या रात्री पोलीस येऊन ट्रकचा नंबर बघून गेलेत, म्हणून निघतोय. ज्या नमुन्याची त्याला आठवण व्हायला हवी तो पाठीमागे उभाच आहे. मग सगळीकडे असं का नाही, हा प्रश्न विचारायची गरज उरत नाही, आणि पटकथेनं तो विचारलेलाही नाही.

फोर्डच्या मनातला शेवट बहुधा इथेच होता. पहाटेच्या आभाळाखाली टेकडीच्या कडेनं चढत जाणारी टॉमची बारीक काळी आकृती. आयरिश वंशाच्या फोर्डला या गोष्टीत आयर्लंडच्या दुष्काळात जमिनीवरून हाकललेली कुळं दिसत होती, असं तो पुढे सांगत असे. ती टेकडी पाहताना ते पटतं. झानकला मात्र आणखी एक प्रसंग हवा होता, आणि तो आला. ट्रकमध्ये मा, पा आणि गाडी चालवणारा टॉमचा धाकटा भाऊ अल. फ्रेझ्नोला वीस दिवसांचं कापूस वेचणीचं काम आहे असं ऐकून सगळे निघालेत. मा म्हणते, आपण म्हणजे लोक, आपल्याला कुणी पुसून टाकू शकत नाही, आपण चालतच राहणार.

हे बोलणंही पुस्तकातलंच. विसाव्या प्रकरणात हूवरव्हिलमधून निघताना दांडकी घेतलेला जमाव ट्रक अडवतो. टॉमच्या हातात लोखंडी दांडा आहे, तो आता घालणार असं दिसतं. तेव्हा मा त्याचा हात दाबून धरते आणि पुढे त्याला शांत करत हे सांगते. म्हणजे ते वाक्य तिथे लगाम आहे. पोरगा पुन्हा तुरुंगात जाऊ नये म्हणून आईनं वापरलेला. सिनेमात तेच वाक्य धोका टळल्यावर, निवांत गाडीत, नवऱ्याला सांगितलंय. बाई सगळं प्रवाहासारखं घेते, पुरुष धक्क्या-धक्क्यानं जगतो, हे त्याच्या आधीचं बोलणं तर अठ्ठाविसाव्या प्रकरणातून, पुराच्या तोंडावरून उचललंय. दोन वेगळ्या संकटांत काढलेले उद्गार जोडून एक समारोप शिवलाय. जेन डार्वेल ते फार चांगलं बोलते, तिला त्या वर्षी सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, फोर्डला दिग्दर्शनाचं. पण हा शेवट मला कधीच पूर्ण पचला नाही. बोलणं जास्त होतं. याच सिनेमात सुरुवातीला हीच मा घर सोडण्याच्या पहाटे जुन्या डब्यातली पत्रं आणि कात्रणं चुलीत घालते, सेंट लुइसच्या १९०४च्या जत्रेतून आणलेला चिनीमातीचा कुत्रा ठेवून घेते, कानांशी डूल धरून आरशात बघते. एक शब्द नाही. तो एक प्रसंग समोर ठेवला की शेवटचं भाषण हलकं पडतं.

मात्र त्या शेवटच्या प्रसंगात एक वाक्य आहे ज्यामुळे मी झानकला सगळं बोल लावू शकत नाही. अल वीस दिवसांच्या कामानं हरखलेला. मा म्हणते, असेल वीस दिवस, नाहीतर एकही नसेल. हातात पडेपर्यंत आपलं नाही. चरबी, पीठ आणि बटाटे मोजणारी बाई इथे क्षणभर परत येते. छावणीच्या प्रसंगांतून गाळलेली भूक या एका वाक्यातून पुन्हा गाडीत चढली, असं मला वाटतं. रोझ ऑफ शेरॉनही अजून गरोदरच आहे. बाळाचं काय होणार, हे सिनेमा सांगत नाही.

स्टाइनबेकनं स्वतः डिसेंबर १९३९ मध्ये सिनेमा पाहिला आणि आपल्या एजंट बाईंना पत्रातून कळवलं की हा सरळ, कठोर सिनेमा झालाय, वर्णनं निघून गेल्यामुळे पुस्तकापेक्षाही कठोर वाटतो. करार मोडल्याची तक्रार नाही. कशी असणार? घटना होत्या, हेतूही होता. पहिला दीड तास त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. उरलेल्या भागाबद्दल मी त्याच्याशी वाद घातला असता.

आमच्या चित्रपट मंडळात एकदा मी हट्टानं एक प्रयोग केला. सिनेमा हूवरव्हिलपर्यंत दाखवला, मग लॅपटॉपवर पुढे ढकलून आधी छावणी आणि नाच लावला, त्यानंतर मागे येऊन कीनचा मळा, आणि गाद्यांखाली टॉमला लपवून ट्रक बाहेर पडतो तिथे थांबलो. म्हणजे पुस्तकाचा क्रम, जमेल तेवढा. ज्यांनी सिनेमा आधी पाहिला नव्हता ते मळ्याचं जाळीचं फाटक दिसताच खुर्चीत मागे रेलले. आत्ताच नाच बघून आलेल्या माणसांना पुन्हा नावं लिहून घेणाऱ्या कारकुनापुढे उभं बघणं जड जात होतं. प्रयोग जमला म्हणून मी खूश. तेवढ्यात मागच्या रांगेतून प्रश्न आला, "नाचाच्या वेळी त्याच्या गालावर मार कसला होता हो?" केसी अजून जिवंत, दांडकं अजून उगारलेलं नाही, आणि फोंडाच्या गालावर जखम आधीच वाळत आलेली.